चुन्याच्या पाण्यावरची साय

१

रांजणातून अंडी काढताना पहिला दगड नागव्वाच्या हाताला लागला, तेव्हा तिला ते अंडंच वाटलं. थोडं जड, एवढंच. तिच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. आयुष्यातलं पहिलं अंडं तिने त्याच सकाळी हातात धरलं होतं. म्हणून तो दगडही तिने इतरांसारखाच पुसला आणि टोपलीत अलगद ठेवला. मग दुसरा. तिसरा ठेवताना खालचं एक अंडं दबून फुटलं, तशी ती थबकली.

"बाई, ह्ये लई जड हाय की वो."

चन्नम्मा हिरेमठ कोठीच्या दाराशी कांद्याच्या साली निवडत बसल्या होत्या. सोलापुरातल्या एका कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत आणि शनिवारी सकाळी मिशनच्या या बालगृहात मुलांना विज्ञान दाखवायला येत. उद्या ईस्टर होता. दुपारी मुलांची पार्टी. आवारात झाडांच्या बुंध्याशी रंगीत अंडी लपवायची आणि मुलांनी ती हुडकायची. रंगाचं काम बाईंकडे होतं. सुताला लावायचा रंग अंड्याला लावायचा नाही, तो पोटात जाता कामा नये, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. कांद्याच्या सालीचा तांबूस, हळदीचा पिवळा, बिटाचा गुलाबी, एवढे रंग पुरेत. बाई स्वतः लिंगायत. अंडं खात नसत. प्रयोगशाळेत मात्र त्यांनी पुष्कळ अंडी फोडली होती.

त्यांनी टोपलीतून तो दगड उचलला. नदीतला गुळगुळीत गोटा होता, चुन्याने पांढरा झालेला. अंड्याएवढाच.

"अजून बघ खाली," त्या म्हणाल्या.

नागव्वाने कोपरापर्यंत हात घातला. रांजणात वरचा एक थर अंड्यांचा होता. त्याच्या खाली, तळापर्यंत, गोटे होते.

२

१९७३ साल होतं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता आणि जिल्हाभर दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती. बालगृहात आहेत त्या मुलांनाच पुरत नव्हतं, म्हणून कमिटीने नवी मुलं घेणं बंद केलं होतं. दिवाळी-नाताळला काही झालं नव्हतं. ईस्टरला मात्र प्रत्येकाला एक अख्खं अंडं, असं मुलांना सांगून झालं होतं.

त्यासाठी तिथे एक जुनी रीत होती. राखेच्या बुधवारपासून उपासकाळ सुरू झाला की बालगृहात अंडी शिजत नसत. आवारातल्या कोंबड्या घालतील ती अंडी ईस्टरसाठी साठवायची. सोलापूरच्या उन्हात अंडं आठवडाभरही टिकत नाही, म्हणून ती चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवायची. कवचाची बारीक छिद्रं चुन्याने बुजतात आणि आतलं अंडं चांगलं राहतं. कुण्या जुन्या मडमेने शिकवलेली ही युक्ती वॉर्डन सुंदरम्मा अजून चालवत होत्या. दर रविवारी प्रार्थना झाली की आठवड्याची अंडी त्या स्वतः रांजणात सोडत.

सुंदरम्मांना सगळे अक्का म्हणत. त्या आल्या, रांजणाकडे एकदा पाहिलं आणि पोत्यावर बसल्या. त्यांच्या मागोमाग कमिटीचे सेक्रेटरी शांतवन मास्तर आले. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या आवाजातला वर्ग सुटला नव्हता.

"गेल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, रांजणात अंडी होती की नव्हती?" त्यांनी विचारलं.

"होती," अक्का म्हणाल्या. "मीच सोडली आठवड्याची. गळ्यापर्यंत भरला होता."

"आणि नागव्वा खडीच्या कामावरून येऊन सोमवारी इथे लागली. तेव्हापासून कोठीची किल्ली कोणाकडे?"

किल्ली नागव्वाच्या कमरेला लटकत होती.

"सायेब, मी कशाला घीन?" नागव्वा म्हणाली. "आमी शिवत बी न्हाय त्याला."

"खायला कशाला हवं? विकता येतं की."

"दगड बघून मीच सांगितलं की वो बाईंना."

"सांगणारच. उद्या ते दगड सापडलेच असते." मास्तरांनी चष्मा सारखा केला. "मी पोलिसात जात नाही. सणाचे दिवस आहेत. पण संध्याकाळच्या प्रार्थनेआधी तू आपलं गाठोडं घेऊन फाटकाबाहेर हवीस."

नागव्वा त्यांच्याकडे न बघता अक्कांकडे सरकली.

"अक्का, तुमी सांगा की त्यांस्नी. मी गेल्यावर काशीला कुटं आनून देनार तुमी? मला कुटं हुडकनार?" मग बाईंना कळावं म्हणून ती वळली. "माजी पोरगी, बाई. अक्कानं अकलूजला ठेवलीया, त्यांच्या भैनीकडं. ईस्टर झाला की आनते म्हनलीया. मी हितंच पायजे की नको?"

अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

चन्नम्माबाईंना ते खटकलं. अक्कांना त्या बरीच वर्षं ओळखत होत्या. मुलाने पाटी फोडली तरी अक्का मध्ये पडत. आज एका बाईचा आसरा जात होता, आणि त्या गप्प होत्या.

दुसरी गोष्ट त्याहून लहान होती. नागव्वाने दगड टोपलीत जपून ठेवला होता, फुटेल म्हणून. दगड भरणाऱ्या माणसाच्या हाताला दगडाची अशी काळजी नसते.

पण हा पुरावा नव्हता. बाई उठल्या आणि रांजणाच्या कडेला चिकटलेला एक पांढरा पापुद्रा त्यांनी नखाने सोडवला. अंगठ्याएवढा तुकडा होता. जाड, कडक, पापडासारखा.

"नागव्वा, हे आज सकाळी फुटलं का?"

"व्हय. झाकन काढलं तर पान्यावर ह्येच होतं, सायीवानी. पार कडंपतूर. मी हातानं फोडलं."

"सगळीकडे सारखं होतं? कुठे भोक, चीर?"

"न्हाय. धड होतं."

बाईंनी तुकडा रुमालात गुंडाळला. "मास्तर," त्या म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत मला वेळ द्या."

३

आवारात कुंडलिक माळी फाटकाला चुना मारत होता. कोंबड्याही त्याच्याच ताब्यात होत्या.

"या बाई. माझीबी साक्ष घ्या," तो म्हणाला. "कोंबड्यांची घेऊ नका. त्या लई खोटं बोलत्यात. वरडत्यात मोट्यानं, आन् घालत्यात एक."

"यंदा कमी घातली का?"

"दुष्काळ हाय. त्यांनीबी खडीचं काम धरलंय जनू. पर रोज तीन-चार मिळायचीच. सकाळी अक्काच्या हातात देत होतो."

"हा चुना कधी भिजवला?"

"रविवारच्याला. सोमवारी मारायचा हुता. पन सायेब म्हनले पानी नाय, थांब. म्हनून आज."

बादलीशेजारी दुसरी एक बादली होती, अजून हात न लावलेली. रविवारपासून तशीच, उघडी. बाई खाली बसल्या. चुन्याच्या पाण्यावर साय धरली होती. त्यांनी काडीने ती उचलायला पाहिली. ती उचललीच गेली नाही, ओल्या टिपकागदासारखी काडीभोवती विरली.

चुन्याचं पाणी हवेत ठेवलं की हवेतला वायू त्याला लागतो आणि वर खडूचा थर धरतो. हवा जितकी जास्त लागेल आणि जितके दिवस जातील, तितका थर जाड. थर मोडला, की तुकडे तळाला जातात आणि वर नवा पातळ थर पुन्हा पहिल्यापासून धरू लागतो. हे त्या दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत. परीक्षेत सगळी मुलं ते बरोबर लिहीत, आणि घरी जाऊन विसरत.

ही बादली उघडी, आणि थर हा असा. रांजणावर लाकडी झाकण, वर कापड बांधलेलं. तिथे हवा कमी. म्हणजे त्याच रविवारी रांजण उघडला असता, तर त्यावरचा थर याहूनही पातळ हवा होता. रुमालातला तुकडा मात्र वाजत होता.

त्या पुन्हा कोठीत गेल्या. टोपलीतली अंडी एकेक करून उजेडात धरली. चकचकीत, स्वच्छ. गोट्यांवर मात्र पांढऱ्या खपल्या बसल्या होत्या. कुणीतरी पूर्वी थर मोडला होता आणि त्याचे तुकडे गोट्यांवर पडले होते. वरच्या अंड्यांवर आज सकाळची ओली चूर सोडली तर एकही जुनी खपली नव्हती.

मास्तर व्हरांड्यात मुलांकडून प्रार्थना पाठ करून घेत होते. बाईंनी त्यांना बाजूला बोलावलं.

"उपासकाळात तुम्ही रांजण पाहिला होतात?"

"एकदा. मधल्या एका रविवारी. माझं कर्तव्य होतं ते. अक्कांनी झाकण काढलं, वर अंडी दिसली. हात घालून पाहिला नाही. अक्कांवर कोण शंका घेईल?"

"त्यानंतर?"

"त्यानंतर अक्काच बघत होत्या."

बाई पायरीवर बसल्या. आता सगळं सरळ होतं. मास्तरांनी पाहिलं त्या दिवसापर्यंत खाली गोटे जाऊन वर अंडी आली होती. त्यानंतर त्या रांजणाला कोणीच हात लावला नव्हता. नागव्वा तेव्हा कुठेतरी लांब खडी फोडत होती. ती चोर नव्हती, आणि हे कुणालाही दाखवून देता येत होतं.

पण त्याच हिशेबाने दुसरी एक गोष्टही सिद्ध होत होती, आणि ती त्यांना नको होती. झावळ्यांच्या रविवारी रांजणात कोणीही अंडी सोडली नव्हती. त्याच्या आधीच्या रविवारीही नाही.

अक्का खोटं बोलल्या होत्या.

४

"कुंडलिक, अंडी घेऊन अक्का कुठे जायच्या?"

कुंडलिकचा कुंचला थांबला. "मला काय ठावं, बाई? मी कोंबड्यांचा मानूस."

"तू बघितलंस. म्हणून विचारते."

तो जरा वेळ फाटकाकडेच बघत राहिला. "मागल्या दारानं," तो हळू म्हणाला. "विडीवाल्या सोजरबाईच्या घराकडं. पदराखाली घेऊन. मी म्हनलं, म्हातारी मानसं, एकमेकींना देत असत्याल कायबाय. आपून कशाला बोलायचं?"

"अजून जातात?"

"आज सकाळीबी गेल्या हुत्या."

सोजरबाईचं घर मागच्या गल्लीत होतं. दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट येत होता. सोजरबाई दारात सूप मांडीवर घेऊन तेंदूची पानं कातरत बसली होती. बाई कुठून आल्या ते ऐकून तिने कात्री खाली ठेवली.

"अक्कानं धाडलं का?"

"नाही. मीच आले. अंड्यांचं विचारायला."

सोजरबाईने आत जाऊन एक दुरडी आणून समोर ठेवली. दुरडीत अंडी होती.

"ही घेऊन जावा. मला तरी काय करायचीत? मी सांगून दमले. अक्का, आता नका आनू. पर रोज येती. अंडं ठेवती, त्या कोपऱ्याकडं बगत हुबी ऱ्हाती, जाती."

बाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं. भिंतीशी एक लहान वाकळ घडी करून ठेवली होती. वर खुंटीला मुलीचा फ्रॉक होता, धुतलेला.

त्यांनी सोजरबाईकडून तांब्याभर पाणी मागितलं आणि दुरडीतलं एक अंडं त्यात सोडलं. ते तळाला गेलं नाही. पाण्यावर तरंगत राहिलं. नासलं होतं. बाईंना ते ठाऊकच होतं; हाताला काहीतरी काम हवं होतं.

"मुलगी कोणाची होती?"

"आईनं अक्काकडं ठेवलेली. अक्काला आत घेता येईना, कमिटीनं बंदी केलेली. म्हनून माझ्याकडं. आली तवा लई वाळलेली, पोट तेवढं म्होरं. अक्का रोज दोन-दोन अंडी, उरलेली इकून दूध. म्हैनाभरात पोरगी धरून धरून चालाय लागली, माझ्या विड्या मोजायला लागली. चुकवायची सगळ्या." ती जराशी हसली आणि थांबली. "मग गोवर निगाला. अक्का रात्रंदिस हितं बसली. झावळ्यांच्या रविवारच्या आदीच गेली."

"पुरलं कोणी?"

"अक्कानं आन् मी. मिशनच्या दफनभूमीत. आईचा ठावठिकाना न्हवता. खडीच्या कामावर कुटं म्हनून सांगावा धाडनार?"

बाईंनी तांब्यातलं अंडं काढून परत दुरडीत ठेवलं. विचारायचं एकच राहिलं होतं, आणि उत्तर त्यांना माहीत होतं.

"नाव काय होतं?"

"काशी," सोजरबाई म्हणाली. "काशम्मा."

५

सुंदरम्मा शिवणाच्या खोलीत पार्टीसाठी कागदाच्या पिशव्या चिकटवत होत्या. प्रत्येक मुलाला एक. बाहेर मुलं मोठमोठ्याने भांडत होती: लपवलेलं अंडं पहिल्यांदा दिसलं त्याचं, की पहिल्यांदा उचललं त्याचं.

"सोजरबाईकडे जाऊन आले, अक्का."

अक्कांनी हातातली पिशवी पुरी चिकटवली, कडा दाबली, गठ्ठ्यावर ठेवली.

"रांजणात चूक केली वाटतं मी," त्या म्हणाल्या.

"थर जाड होता. दर रविवारी उघडला असता तर इतका धरला नसता."

"आमच्या मडमेने ते नव्हतं सांगितलं." अक्कांनी खळीची वाटी बाजूला सारली. "नागव्वा फाटकाशी उभी होती, बाई. पाच वर्षांची पोर, तरी कडेवर. तिला चालवत नव्हतं. खडीवर तसली पोर नेणार कुठे? मी म्हटलं, माझ्याजवळ ठेव. तिने एक प्रश्न विचारला नाही. ठेवली आणि गेली. वळूनसुद्धा बघितलं नाही, एवढा भरवसा."

"तिला सोमवारीच का नाही सांगितलंत?"

"काम बंद पडलं म्हणून आली ती. फाटकातून आत येतानाच हसत होती. मी तोंड उघडलं, आणि त्यातून अकलूज निघालं. माझी बहीण तिथे असते म्हणून असेल. म्हटलं, आज नको. उद्या. मग म्हटलं, ईस्टर होऊ दे, लेकरांची एवढी पार्टी होऊ दे. तिला कामाला ठेवलं. वाटलं, डोळ्यांसमोर राहील. आणि आता रोज सकाळी चुलीपाशी विचारते, काशी जेवली असंल का आता." अक्का थांबल्या. "मी म्हणते, जेवली असेल."

"आज मास्तर तिला काढत होते. तुम्ही गप्प राहिलात."

"राहिले." त्यांनी मान खाली घातली नाही. "एक क्षण मला वाटलं, ती गेलीच तर मला सांगावं लागणार नाही. असं वाटलं मला, बाई. या वयात."

चन्नम्माबाईंनी गठ्ठ्यावरून घसरलेली एक पिशवी सारखी केली.

"मी मास्तरांना सांगते," अक्का घाईने म्हणाल्या. "अंडी मी खाल्ली म्हणते. म्हातारीला भूक लागते. ते मानतील. मला काढतील, नागव्वा राहील. तुम्हाला तेवढंच सिद्ध करायचं होतं ना?"

"हो. तेवढंच करायला निघाले होते."

"मग तेवढ्यावर थांबा."

बाई खिडकीपाशी गेल्या. अंगणात नागव्वा आपलं गाठोडं बांधत होती. बांधून झालं, मग सोडलं, आतून एक लहानसं काही काढून पाहिलं, पुन्हा बांधलं.

"मी थांबले तर ती उद्या सकाळी पुन्हा विचारेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथे नसाल. ती अकलूजला जाईल. दारोदार विचारत फिरेल. तिथे कोणी तिला नाही म्हणणार नाही, हो म्हणणार नाही. मला ठाऊक असून मी तिला तसं फिरू देऊ का, अक्का?"

मग अक्कांनी हात पदराला पुसले. खळ वाळून बोटांना चिकटली होती. ती त्या एकेक बोटावरून सोलत राहिल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "पण सांगेन मी. तुम्ही नाही."

६

स्वयंपाकघरात मास्तर नागव्वाकडून किल्ली मागून घेत होते. चन्नम्माबाईंनी रुमाल उलगडून तो पांढरा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला आणि कुंडलिकच्या बादलीपासून सगळं सांगितलं, जेवढं लागेल तेवढंच. मास्तरांनी तुकडा बोटांत फिरवला, मोडून पाहिला. ते कडक माणूस होते, पण अडाणी नव्हते.

"म्हणजे ही बाई इथे येण्याच्या आधीच," ते म्हणाले.

"हो."

"मग कोणी?"

"मी," सुंदरम्मा म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. नागव्वाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सुटका दिसली, मग गोंधळ. "अक्का, तुमी कशाला?" ती म्हणाली.

अक्का तिच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या, गुडघे धरून, सावकाश. तिचा हात धरून त्यांनी तिलाही बसवलं. आणि मग कानडीत बोलू लागल्या. दोघीही अक्कलकोटकडच्या, ती भाषा त्यांच्या घरची होती.

बाईंच्या घरचीही तीच; मास्तरांना मात्र कानडी येत नव्हती. पहिली दोन-तीन वाक्यं त्यांनी कपाळाला आठ्या घालून ऐकली. मग नागव्वाचं तोंड पाहिलं आणि त्यांना भाषेची गरज उरली नाही. ते व्हरांड्यात गेले. बाई त्यांच्यामागे गेल्या.

"किती वर्षांची होती?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"प्रवेश बंद, या ठरावावर माझी सही आहे." मुलांचा एक घोळका त्यांच्याकडे धावत आला. भांडणाचा निवाडा त्यांनीच करायचा होता. मास्तरांनी ऐकून घेतलं, एकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीच निवाडा दिला नाही. मग खुंटीवरची छत्री घेतली. "मी बाजारात जातो. मिळतील तेवढी अंडी आणतो," ते बाईंना म्हणाले आणि उन्हात बाहेर पडले.

बाई परत आत आल्या. त्यांना वाटलं होतं, रडणं ऐकू येईल. नागव्वा रडत नव्हती. मांडीवर हात टाकून बसली होती आणि प्रश्न विचारत होती, एकेक, कामाचे असावेत तसे. ताप किती दिवस होता. पाणी मागत होती का. शेवटी कोणाजवळ होती.

"माझ्या मांडीवर," अक्का म्हणाल्या. "आणि एक सांगायचं राहिलं. मी तिला अंडी खाऊ घातली. तुमच्यात चालत नाही, मला ठाऊक होतं. तुला विचारलं नव्हतं."

"खाल्ली तिने?"

"खायची."

"आवडीने?"

"पिवळं आधी खायची. पांढरं सोजरबाईला द्यायची."

नागव्वाने मान हलवली, हे बरोबर आहे अशी. आपल्या मुलीची ओळख पटवून घ्यावी तशी.

मग बराच वेळ ती चुलीकडे बघत राहिली. चुलीवर अंड्यांसाठी ठेवलेलं पाणी उकळून उकळून अर्धं झालं होतं. बाईंनी पुढे होऊन लाकडं मागे ओढली.

"बसवून का निजवून?" नागव्वाने विचारलं.

अक्कांना समजलं नाही असं वाटलं, पण समजलं होतं. चन्नम्माबाईंना तर पुरतंच समजलं. त्या जंगमाच्या, लिंगायत पुरोहिताच्या, घरातल्या होत्या. नागव्वाही लिंगायत, आणि लिंगायतांत मेलेल्या माणसाला मातीत बसवतात. मांडी घालून, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर देऊन, जसं पूजेला बसतात तसं. लहान मूल असलं तरी.

"निजवून," सुंदरम्मा म्हणाल्या. "आमच्यात निजवतात. कुणाला विचारायचं, मला कळलं नाही. कुणाला सांगताच आलं नव्हतं ना. कुशीवर निजवली. लिंग हातात दिलं होतं. पण निजवून."

नागव्वाचं गाठोडं तिच्या शेजारीच होतं. त्याच्या गाठीवरून ती अंगठा फिरवत राहिली. अक्का तिच्या तोंडाकडे बघत होत्या, शिक्षेची वाट बघावी तशा.

"बरं केलं," शेवटी नागव्वा म्हणाली, आणि आता ती मराठीत बोलली, बाईंकडेही बघत. "बसल्या जागी तिला कदी झोपच लागली न्हाय."